गेलं की पोचलं?

मंडळी, गेल्या काही वर्षांत आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांनी, पतसंस्थांनी आणि समाजमंडळांनी आपापली संकेतस्थळं काढली. चांगली गोष्ट आहे. प्रत्येक स्थळावर 'संपर्क' नावाचं एक पान असतं. त्यात नाव, विरोपपत्ता आणि मजकूर लिहायची चौकट असते. (ई-मेलला विरोप म्हणायची सवय जालावरच लागली, ती काही सुटत नाही.) बटण दाबलं की लगेच उमटतं, "धन्यवाद, आपला संदेश आम्हाला मिळाला." माझं म्हणणं एवढंच आहे की ह्यातली बरीच स्थळं हे वाक्य तपासून न पाहताच बोलतात. ज्या वाक्याच्या भरवशावर समोरचा माणूस निर्धास्त होतो, ते वाक्य असं बोलू नये.

हे मी उगाच म्हणत नाही. सालेकसा तालुक्यातल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलीनं एका संस्थेच्या स्थळावरून शिक्षणाच्या मदतीसाठी अर्ज पाठवला होता. (संस्थेचं नाव सांगत नाही, माणसं वाईट नाहीत.) 'मिळाला' असं वाचून ती गप्प बसली. मुदत उलटल्यावर चौकशी केली तर अर्ज कुणी पाहिलेलाच नव्हता. संस्थेच्या विरोपपेटीत तो कधी आलाच नाही आणि दुसरीकडे कुठे त्याची नोंदही नव्हती. वडिलांनी धान निघायच्या आधीच उधारी करून फी भरली. दोष कुणाला द्यायचा? मुलीनं तर सांगितलं तसंच केलं होतं.

आमचा भाचा पुण्यात ह्याच धंद्यात आहे. त्याच्या मागे लागून मी हे सगळं समजून घेतलं. जमेल तसं सांगतो, टपालाच्या भाषेत, कारण ती आपल्याला कळते.

संकेतस्थळ ज्या यंत्रावर असतं त्याला सर्व्हर म्हणतात. तिथे बसलेली आज्ञावली तुमचा मजकूर घेते आणि विरोप करून पाठवते. लहान स्थळांवर ती बहुधा पीएचपी भाषेत लिहिलेली असते. पाठवायचे मुख्य मार्ग तीन.

पहिला मार्ग म्हणजे पीएचपीतली मेल() नावाची जुनी सोय. एका ओळीत काम होतं, म्हणून सगळे हीच वापरतात. ती काय करते, तर सर्व्हरवरच्या टपाल पाहणाऱ्या प्रोग्रामच्या हातात पत्र देते आणि 'झालं' असं उत्तर आणते. ह्या 'झालं'चा अर्थ 'पत्र घेतलं' इतकाच. पीएचपीच्या माहितीपुस्तिकेतही स्पष्ट म्हटलंय की ह्यावरून पत्र पोचलं असं समजू नये. तुम्हाला 'यूपीसी' आठवतं का? पोस्टातला बाबू कागदावर शिक्का मारून द्यायचा की अमुक पत्त्याचं पत्र आमच्याकडे टाकलं. टाकल्याचा पुरावा मिळायचा, पोचल्याचा नाही. खात्यानं ती सोय २०११ मध्ये बंद केली. मेल() ही विरोपाची यूपीसी आहे! पत्र परत आलंच, तर ते सर्व्हरवरच्या अशा पेटीत जाऊन पडतं की जी कुणी उघडतही नाही.

दुसरा मार्ग एसएमटीपीचा. ह्यात आज्ञावली आपल्या खऱ्या विरोपखात्याचं नाव आणि परवलीचा शब्द देऊन टपालघरात रीतसर शिरते आणि पत्र खिडकीवर देते. त्यासाठी २००१ पासूनचं पीएचपीमेलर नावाचं तयार साधन फुकट मिळतं. खिडकीवरच नकार आला तर तो आज्ञावलीला तिथल्या तिथे कळतो. जीमेलचं खातं वापरायचं असेल तर नेहमीचा परवलीचा शब्द चालत नाही, खात्याला दुहेरी पडताळणी लावून सोळा अक्षरांचा वेगळा शब्द काढावा लागतो.

तिसरा मार्ग कुरियरचा. अ‍ॅमेझॉन एसईएस, मेलगन, सेंडग्रिड अशा कंपन्या पत्र पोचवायचं काम घेतात आणि पत्र समोरच्या सर्व्हरनं स्वीकारलं की परत आलं, हे तुमच्या स्थळाला उलट कळवतात. पोचपावतीच्या सगळ्यात जवळचा प्रकार हाच. पैसे पडतात, पण लहान स्थळाला फार नाहीत.

आता पत्र वाटेत हरवतं का? टपालाच्या बाबतीत आपल्याला काळजी असायची ती 'कुठे' ह्याची. गावाचं नाव एकसारखं, अक्षर वाईट, भाषा दुसरी. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या आपल्या मराठी माणसानं उपाय काढला. संस्कृतचे पंडित आणि टपालखात्यातले मोठे अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला त्यांचा सहा आकडी पिन कोड सुरू झाला. गोंदियाचा ४४१६०१, त्यातला पहिला चार म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा. विरोपात 'कुठे' हा प्रश्न जवळजवळ नाहीच, तिथे अडतं ते 'कुणाकडून' ह्यावर. १९८२ साली जॉन पोस्टेल ह्यांनी एसएमटीपीचे नियम लिहिले, तेव्हा पाठवणाऱ्याचा पुरावा मागायची गरज कुणाला वाटली नव्हती. कुणीही कुणाच्याही नावानं पत्र टाकावं! भामट्यांनी त्याचा फायदा घेतला, आणि मग पुरावे मागायची पद्धत आली.

पुरावे मुख्यतः दोन. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाचं टपाल कोणकोणत्या यंत्रांनी टाकायचं ह्याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे शिक्कामोर्तब. शिवकालीन पत्रांत वर मुद्रा असायची आणि मजकूर संपला की खाली मोर्तब, म्हणजे मागाहून कुणी ओळ घुसडू नये. डीकेआयएमची सहीही तेच काम करते, मजकूर बदलला की सही जुळत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं प्रत्येक पाठवणाऱ्याकडे ह्यातला निदान एक पुरावा मागायला सुरुवात केली. घाऊक पाठवणाऱ्यांना दोन्ही लागतात, वर डीमार्क नावाचा तिसराही. म्हणून वर्षानुवर्षं चाललेला फॉर्म एक दिवस मुकाट्यानं बंद पडतो. स्थळावर कुणी काही बदललेलं नसतं, पलीकडच्या पोस्टमास्तरनं नियम बदललेला असतो.

स्थळं बनवणाऱ्या पोरांसाठी अजून तीन गोष्टी. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता 'फ्रॉम'मध्ये घालू नका, तिथे आपल्याच स्थळाचा पत्ता हवा आणि भरणाऱ्याचा 'रिप्लाय-टू'मध्ये. नाहीतर तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावानं पत्र टाकतोय असं दिसतं. दुसरं, विरोपाच्या मथळ्यात कुणाचाही मजकूर जसाच्या तसा जाऊ देऊ नका. कुणी त्यात नवी ओळ घुसडून आणखी शंभर पत्ते जोडतो आणि तुमचं स्थळ जाहिराती वाटत सुटतं. तिसरी गोष्ट आपल्या मराठीची. विरोपाचा मथळा मुळात इंग्रजी अक्षरांसाठी केलेला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, नुसत्या 'गोंदिया'ला एकवीस. म्हणून विषयाची ओळ संकेतात बदलून पाठवावी लागते, नाहीतर पलीकडे भलतीच चिन्हं उमटतात. पीएचपीमेलर ते आपोआप करतो, फक्त त्याला यूटीएफ-८ वापर असं आधी सांगावं लागतं.

असो. तंत्र झालं, आता माझं मत सांगतो. तिन्ही मार्गांत दुसरा आणि तिसरा चांगला, पण नुसत्या विरोपावर कोणताच अर्ज सोडू नये. शाळेच्या कचेरीत आवक-जावक रजिस्टर असायचं. कागद आला की आधी आवक क्रमांक पडायचा, मग तो कुणाच्या टेबलावर जायचा ते ठरायचं. शिपायाकडून कागद हरवला तरी रजिस्टर सांगायचं की आला होता. संकेतस्थळानंही हेच करावं. मजकूर आधी आपल्या डेटाबेसमध्ये उतरवावा, भरणाऱ्याला क्रमांक द्यावा, आणि मग विरोप पाठवावा. विरोप ही वर्दी झाली. ती चुकली तरी कागद जागेवर असतो. मात्र आठवड्यातून एकदा ते रजिस्टर उघडून पाहणारा माणूस नेमलेला हवा.

भाचा म्हणतो, "मामाजी, एवढ्याशा स्थळाला एवढा खटाटोप कशाला?" मला उलट वाटतं. मोठ्या कंपनीचं पत्र हरवलं तर ती दुसरं पाठवते. देवरीचा किंवा अर्जुनी मोरगावचा माणूस गोंदियाला चौकशीला आला की त्याची दिवसाची मजुरी आणि बसभाडं जातं. तो वाचावा म्हणून तर आपण फॉर्म काढला ना? मग त्याच्यासाठी एका संध्याकाळचं काम जास्त झालं तर बिघडलं कुठे?

आणि ते वाक्यही बदला. "आपला मजकूर नोंदवला आहे, क्रमांक अमुक. आठ दिवसांत उत्तर न आल्यास हा क्रमांक सांगून फोन करावा." एवढं लिहिलं तर खोटं काही राहत नाही आणि माणसाच्या हातात पुढचा मार्ग राहतो.

ज्यांची स्वतःची स्थळं आहेत त्यांनी आजच एक करून बघा. दुसऱ्याच कुणाच्या विरोपपत्त्यावरून आपल्याच 'संपर्क' पानावर चार ओळी मराठीत लिहून पाठवा, आणि त्या कुठे निघतात ते शोधा. पेटीत, कचऱ्यात, की कुठेच नाही? काय निघालं ते मला जरूर कळवा.