चित्रांनाही भाषा असते

चित्राला भाषा लागत नाही, असे आपण किती सहज म्हणून जातो! गवयाच्या सुराला आणि चिताऱ्याच्या रेषेला दुभाषा नको, हे वाक्य तर स्नेहसंमेलनाच्या प्रत्येक प्रमुख पाहुण्याच्या खिशात असतेच. ज्याची भाकरी शब्दांवर चालते त्या मराठीच्या मास्तराने ते मुकाट्याने ऐकून घ्यावे, अशी अपेक्षा असते. पण हल्ली घरोघरच्या मुलांच्या हातांत जपानी चित्रकथांची जी पुस्तके दिसतात, ती पाहून मला या वाक्याचा प्रतिवाद करावासा वाटतो.

'मांगा' म्हणतात या चित्रकथांना. आपल्या मुलांच्या हाती त्या येतात त्या बहुतेक इंग्रजीतून. वडील मंडळींची तक्रार ठरलेली: "वाचायचे काय त्यात? नुसती चित्रे तर पाहायची!" वाचकहो, खरी गंमत इथेच आहे. नुसती चित्रे असती, तर जपानहून अमेरिकेत आणि अमेरिकेहून आपल्याकडे येताना त्यांचे काही हरवलेच नसते. प्रत्यक्षात पुष्कळ हरवते, आणि पहिली वाट लागते ती चित्राचीच.

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. आपण ज्याला शेवटचे पान म्हणू, तिथे त्यांची सुरुवात. १९८० नंतरच्या दशकात ही पुस्तके इंग्रजीत येऊ लागली, तेव्हा प्रकाशकांना वाटले की आपले गिऱ्हाईक असे उलटे वाचायचे नाही. त्यांनी सोपा उपाय काढला. पानेच्या पाने आरशात धरल्यासारखी उलटी करून छापली. झाले काम!

काम झाले खरे. पण कसे झाले ते पाहा. समजा, आपल्या देवघरातल्या गणपतीची तसबीर कोणी अशी उलटी छापली, तर डाव्या सोंडेचा साधा गृहस्थाश्रमी गणपती एका क्षणात उजव्या सोंडेचा होईल, आणि घरातल्या आजीबाई सोवळ्याच्या काळजीत पडतील. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जाईल. रेषा तीच, रंग तोच; अर्थ मात्र पालटला. जपानी किमोनोचेही असेच आहे. तो नेसताना डावी बाजू उजवीवर घ्यायची, हा नियम. उजवी बाजू डावीवर घेतात ती एकाच वेळी, प्रेताला नेसवताना. आता विचार करा: उलट्या छापलेल्या पानांवर ते सगळे सामुराई, त्यांच्या बायका, बाजारातले वाणी आणि रस्त्यात खेळणारी पोरे मेलेल्यांच्या वेषात हिंडत होती! कमरेच्या डाव्या अंगाची तलवार उजवीकडे गेली आणि सारी योद्ध्यांची जात डावखुरी झाली, ती वेगळीच. इंग्रजी वाचकाला यातले काही खटकण्याचे कारण नव्हते. जपानी वाचकाला पान उघडताच चरचरले असते. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या प्रकाशकांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सोडायला सुरुवात केली, आणि आता बहुतेक पुस्तके मूळच्याच दिशेने निघतात. चुकून आपल्या बाजूने उघडले, तर 'थांबा, तुम्ही शेवटाकडून सुरुवात करीत आहात' अशा अर्थाची सूचनाही पुष्कळ पुस्तकांत असते.

पाने सरळ झाली. माणसांची नाती सरळ होणे तितके सोपे नाही. 'तोत्तोचान' हे पुस्तक मराठी घरांना ठाऊक आहे. त्यातले 'चान' हे नाव नव्हे. लहानग्यांना, लाडक्यांना लावायचा तो प्रत्यय आहे. तो आपल्या नावाचाच भाग आहे असे त्या छोट्या मुलीला वाटत असे. असेच 'सान' आहे, 'कुन' आहे, 'सामा' आहे. कोण कोणाला काय लावतो, यावरून वय, मान, जवळीक, दुरावा सारे कळते. आणि एखाद्या दिवशी काहीच न लावता नुसते नाव उच्चारले, तर मांगाच्या वाचकाच्या छातीत धस्स होते; एकतर प्रेम जमले, नाहीतर भांडण तरी जुंपले! इंग्रजीत या सगळ्यांसाठी एकच एक 'यू'. राजालाही 'यू', गड्यालाही 'यू', नवऱ्यालाही 'यू' आणि मांजरालाही 'यू'.

आपण मराठी माणसे या बाबतीत जपान्यांचे जवळचे सोयरे आहोत. 'अहो'वरून 'अरे'वर येणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. जुन्या वळणाची जपानी बायको नवऱ्याला नावाने हाक मारीत नाही, 'आनाता' म्हणते. शब्दशः त्याचा अर्थ 'तुम्ही'. इंग्रजी भाषांतरकार बिचारा तिथे 'डिअर' लिहितो आणि त्या बाईच्या तोंडी भलताच लाडिकपणा येतो. मराठीत त्याला एकच शब्द पुरता: 'अहो'.

आवाजांची कथाही अशीच. मांगाच्या पानांवर आवाज चितारलेले असतात. अक्षरे चित्रातच मिसळलेली, कधी भिंतीएवढी, कधी मुंगीएवढी. इंग्रजीतही आवाजाचे शब्द आहेत. पण जपानीत ज्याला आवाजच नाही त्याचेही शब्द आहेत. चमकण्याला 'किराकिरा', हसऱ्या चेहऱ्याला 'निकोनिको', रोखून पाहण्याला 'जीऽऽ', आणि ज्या चौकटीत काहीच ऐकू येत नाही तिथे 'शीऽऽन'. शांततेचा आवाज! इंग्रजीत तिथे 'सायलेन्स' लिहिले, तर ती एखाद्या ग्रंथालयातली पाटी वाटते. काही ठिकाणी अक्षरे तशीच ठेवून कडेला बारीक टीप देतात. म्हणजे विनोद सांगून झाल्यावर त्याचा अर्थ सांगण्यातलाच प्रकार. आपल्याकडे पाहा: चांदण्या लुकलुकतात, पोर टकमक पाहते, आणि दुपारच्या गल्लीत शुकशुकाट असतो. व्याकरणाच्या तासाला मुलांना अनुकरणवाचक शब्दांचा कंटाळा येतो. मी त्यांना 'शीऽऽन' आणि 'शुकशुकाट' शेजारी शेजारी लिहून दाखवतो, तेव्हा मागच्या बाकांवरही जाग येते.

आणखी एक गोष्ट वरवर व्याकरणाची, पण कथेच्या जिवावर बेतणारी. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते, आणि नकार त्याच्याही शेपटाला. चित्रकथेतला शिपाई पानाच्या अखेरच्या चौकटीत म्हणतो, "मी तुम्हाला सोडून जाणार..." आणि पान उलटल्यावर, "नाही!" वाचकाचा जीव तेवढा वेळ टांगलेला. इंग्रजीत 'नॉट' आधी येऊन बसतो आणि सगळा पेच उलगडून टाकतो. मराठी वाक्याचा सांगाडा जपानीसारखाच. इथे आपल्याला पान उलटेपर्यंत धीर धरता येतो. त्यातून जपानी उभे लिहितात, म्हणून त्यांचे संवादाचे फुगे उंच आणि निमुळते. त्यांत आडवी इंग्रजी वाक्ये कोंबायची म्हणजे मुंबईच्या लोकलमध्ये गादीची गुंडाळी चढवण्यासारखेच.

नावांचे तर विचारूच नका. ओसामु तेझुका हे मांगाचे आद्य गुरू. १९५२ मध्ये त्यांनी एका यंत्रमानव बालकाची मालिका सुरू केली. त्याचे नाव 'आतोमु', म्हणजे ॲटम. पुढे त्याला जी बहीण आली ती 'उरान'; युरेनियमवरून. हिरोशिमा-नागासाकीला सात वर्षे होतात न होतात, तोच एक जपानी चित्रकार आपल्या सर्वांत गोड मुलाचे नाव अणू ठेवतो! या एका नावात केवढी भीती, केवढी आशा आणि केवढे धाडस आहे! १९६३ मध्ये ती मालिका अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर गेली, तेव्हा तो मुलगा 'ॲस्ट्रो बॉय' झाला. अणूचा तारा झाला. नाव छान आहे. पण एक आख्खा इतिहास त्यातून गळून पडला.

आपण मराठीवालेही सगळे सावरू शकू, असा टेंभा मिरवण्यात अर्थ नाही. जपानीत 'मी'ला अनेक शब्द आहेत: मुलाचा 'बोकु', रांगड्या गड्याचा 'ओरे', म्हाताऱ्याचा 'वाशी'. आपल्याकडे सर्वांना मिळून एकच 'मी'. उलट आपली क्रियापदे चहाडखोर. याच तेझुकांची १९५३ ची एक कथा राजपुत्र म्हणून वाढवलेल्या राजकन्येची आहे. असे पात्र मराठीत आणले, की पहिल्याच वाक्यात भाषांतरकाराची कोंडी: ती 'आलो' म्हणणार की 'आले'? जपानी आणि इंग्रजी दोघीही इथे गुपित राखतात. आपली मराठी मात्र लगेच बोलून जाते.

इथवर सारे गमतीचे होते. पण ज्या पुस्तकामुळे मला हा विषय गमतीवर सोडवेना, त्याच्याविषयी आता सांगतो.

केइजी नाकाझावा हे चित्रकार हिरोशिमाचे. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ते सहा वर्षांचे होते आणि शाळेच्या दारात उभे होते. शाळेच्या भिंतीचा आडोसा मिळाला म्हणून ते वाचले. वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ गेले. आईने त्याच दिवशी एका मुलीला जन्म दिला; तीही पुढे जगली नाही. १९६६ मध्ये आई वारली. जपानात दहनानंतर नातेवाईक काड्यांनी अस्थी वेचतात. नाकाझावांना वेचायला अस्थी जवळजवळ उरल्याच नव्हत्या. किरणोत्साराने आईची हाडेही नेली, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि तोवर ज्या विषयाकडे त्यांनी पाठ फिरवली होती, तोच त्यांनी हाती घेतला. १९७३ पासून मुलांच्या साप्ताहिकात 'हादाशी नो गेन', म्हणजे अनवाणी गेन, ही त्यांची चित्रकथा येऊ लागली. तिचे पुढे दहा खंड झाले. २०१२ मध्ये नाकाझावा वारले.

ही कथा इंग्रजीत नेली ती कोणा धंदेवाल्याने नव्हे. १९७६ मध्ये तोक्योत काही तरुणांनी एक मंडळ काढले आणि स्वयंसेवकांच्या बळावर भाषांतर केले. इंग्रजीत गेलेल्या अगदी पहिल्या मांगांपैकी ही एक. त्या तरुणांचे ऋण मोठे आहे. ते नसते तर हे पुस्तक माझ्यापर्यंत पोचलेच नसते. तरीही एकेक शब्द पाहा. गेन आपल्या थोरल्या भावाला 'आन्चान' म्हणतो. तो आपला 'दादा'. इंग्रज मुले भावाला नावाने हाक मारतात, म्हणून इंग्रजीत दादाच्या जागी नाव येऊन बसते. जळत्या घराखाली वडील, बहीण, भाऊ अडकले आहेत आणि बाहेरून आई आणि मुलगा ती तुळई हलवू पाहत आहेत, त्या पानावर कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, हे गौण कसे मानायचे? पुढे तोच मुलगा राखेच्या ढिगात आपल्या माणसांच्या अस्थी शोधतो. इंग्रजीत 'बोन्स' म्हटले तर नुसती हाडे, 'ॲशेस' म्हटले तर नुसती राख. ज्याने आपल्या वडिलांच्या अस्थी सावडल्या आहेत, त्या मराठी माणसाला मधला शब्द कोणी शिकवायला नको.

आणि सर्वांत शेवटी तो शब्द. हिरोशिमाच्या लोकांनी त्या बाँबला स्वतःचे नाव दिले होते: 'पिकादोन'. त्यातल्या 'दोन'चा आपल्या आकड्याशी काही संबंध नाही. 'पिका' म्हणजे डोळे दिपवणारी लख्ख चमक, 'दोन' म्हणजे धडाम. आपली मुले ज्या पिवळ्या 'पिकाचू'वर जीव टाकतात, त्याच्या नावात हीच विजेची 'पिका' आहे. पोरासोरांच्या तोंडचा, खेळातला शब्द. शास्त्रज्ञांच्या, सेनापतींच्या शब्दकोशात नसलेल्या त्या संहाराला लोकांनी आपल्या बोलीतले दोन बालिश आवाज जोडून नाव ठेवले. त्यातही एक भेद होता. जे स्फोटाच्या अगदी जवळ होते, त्यांतल्या पुष्कळांना आवाज ऐकल्याचे आठवतच नव्हते. ते नुसते 'पिका' म्हणत. 'दोन' ऐकला तो दूर असलेल्यांनी. म्हणजे माणूस कोणता शब्द वापरतो, यावरून तो त्या सकाळी कुठे होता, हे कळत असे! इंग्रजीत 'ॲटम बाँब' लिहिले की वस्तूचे नाव कळते. ती कोणी पाहिली, कुठून पाहिली, हे कळत नाही.

भाषांतर करूच नये, असे मी म्हणत नाही. माझ्यासारख्याने म्हणणे तर कृतघ्नपणाच होईल. साने गुरुजींनी आंतरभारतीचे स्वप्न पाहिले, ते भारतीय भाषांनी एकमेकींच्या घरी थेट जावे म्हणून. ते अंगण आता थोडे वाढवायला हरकत नाही. जपानी उत्तम जाणणारी मराठी मुले-मुली पुण्या-मुंबईत आहेत. त्यांनी ही पुस्तके इंग्रजीच्या वळशाने न आणता सरळ आणावीत. त्यांच्याही हातून काही निसटेल. पण 'दादा' निसटणार नाही, 'अहो' निसटणार नाही, आणि 'अस्थी' तर नाहीच.

तोवर एवढेच करा. या दिवाळीत रात्री गच्चीवर उभे राहाल, तेव्हा दूरच्या मैदानातला मोठा बाण फुटताना मुलांना दाखवा. आधी लख्ख होते. मग क्षणभर काहीच नसते. मग धडाम ऐकू येते. तो मधला क्षण आपल्याला मिळतो, कारण आपण दूर आहोत. ज्यांना तो मिळाला नाही, त्यांच्या गावाची एक चित्रकथा आहे, हे मुलांना सांगा. आणि मग ती त्यांच्याबरोबर बसून वाचा; नुसती पाहू नका.