किनारा झाडला, उंबरठ्याचे काय?

सप्टेंबर महिन्याचा तिसरा शनिवार जगभर सागरकिनारा स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. २०२२ साली त्याच दिवशी, १७ सप्टेंबरला, केंद्र सरकारच्या 'स्वच्छ सागर, सुरक्षित सागर' या ७५ दिवसांच्या अभियानाची सांगता जुहूच्या किनाऱ्यावर झाली. देशभरातील ७५ किनारे या अभियानासाठी निवडण्यात आले होते. शासकीय यंत्रणांच्या बरोबरीने सामाजिक संस्था, विद्यार्थी आणि सामान्य नागरिक त्यात उतरले. विलेपार्ल्याच्या कित्येक पिढ्या ज्या वाळूत खेळल्या, ती वाळू विद्यार्थ्यांनी वाकून साफ करावी, ही समाधानाची गोष्ट आहे.

अशा उपक्रमांची टवाळी करणारेही असतात. आज उचललेला कचरा उद्याची भरती पुन्हा आणून टाकणार, मग हा खटाटोप कशासाठी, असा त्यांचा सवाल असतो. सवाल खोचक असला, तरी अनाठायी नाही. कारण समुद्र प्लास्टिक निर्माण करत नाही; त्याच्याकडे जे सोपवले गेले, तेच तो परत करतो. समुद्रातील बहुतांश प्लास्टिक जमिनीवरूनच तेथे पोचते. अंधेरी-पार्ले परिसरात रस्त्यावर भिरकावलेली पिशवी पावसाच्या पहिल्या सरीबरोबर गटारात, गटारातून इर्ला नाल्यात आणि तेथून समुद्रात जाते. पूर्वेकडचे काम मिठी नदी करते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा तुंबलेल्या गटारांतील प्लास्टिकच्या पिशव्यांचा धडा अवघ्या उपनगरांनी गळाभर पाण्यात उभे राहून घेतला होता. पाणी ओसरले आणि धडाही विस्मरणात गेला.

किनाऱ्यावर नेमके काय सापडते, हेही पाहण्यासारखे आहे. पाण्याची बाटली तेथे फार काळ टिकत नाही. कचरावेचक ती उचलून भंगारवाल्याकडे नेतो, कारण तिला भाव आहे. मागे उरतात त्या पातळ पिशव्या, शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची चकचकीत वेष्टने. अनेक थर चिकटवून केलेल्या या वेष्टनांचा पुनर्वापर कठीण, म्हणून बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. ज्याला किंमत नाही ते समुद्राचे, असा हा व्यवहार आहे. ते कुजत नाही. ऊन आणि लाटा यांनी त्याचे केवळ बारीक बारीक कण होतात आणि मासळीच्या पोटात जातात. नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून होड्या लोटणाऱ्या कोळी बांधवांच्या जाळ्यात मासळीबरोबर प्लास्टिक येते, याची खंत शहराला कितपत आहे?

याच विलेपार्ल्यात १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाची छावणी होती. जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रुवाला यांच्यासारख्या धुरीणांनी ती चालवली. मूठभर मिठावरील स्वदेशाचा हक्क सिद्ध करण्यासाठी माणसे तुरुंगात गेली. २०१८ साली आयआयटी मुंबईच्या संशोधकांना देशातील समुद्री मिठाच्या नमुन्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण आढळले. परकीय सत्तेच्या करातून जे मीठ सोडवले, ते स्वकीयांच्याच बेपर्वाईने असे डागाळावे, यापरते दुर्दैव कोणते?

या निराशेत एक उदाहरण उमेद देणारे आहे. शेजारच्या वर्सोवा किनाऱ्यावर ॲडव्होकेट अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये एका वयोवृद्ध शेजाऱ्याला बरोबर घेऊन कचरा उचलायला प्रारंभ केला. सप्ताहामागून सप्ताह हे काम चालले, माणसे जोडली गेली आणि २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाने त्यांचा गौरव केला. उचललेला कचरा वेळेवर हलवला जात नाही आणि स्वयंसेवकांना शिवीगाळ होते, या उद्वेगाने त्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये काम थांबवले होते. मुख्यमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर ते पुन्हा सुरू झाले. मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. सातत्य काय घडवते, याचा याहून बोलका दाखला नको. वर्षातून एकदा झाडू हाती घेऊन छायाचित्र काढण्याने हे साधत नाही.

हिंदू समाजाला येथे थोडे अंतर्मुखही व्हावे लागेल. अंथरुणातून उठताना भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा संस्कार घरोघरी आहे आणि समुद्र हे तिचे वस्त्र मानले आहे. त्याच घरातून निर्माल्य मात्र प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लाटांवर सोडले जाते. विसर्जनानंतरच्या सकाळी जुहूच्या वाळूवर जे पसरलेले असते, त्याला भक्ती म्हणता येणार नाही. हा उत्सवावरचा आक्षेप नव्हे. उत्सवाचे पावित्र्य राखण्याची ती हाक आहे. निर्माल्य वेगळे काढून त्याचे खत करणे आणि सजावटीतून प्लास्टिक व थर्माकोल हद्दपार करणे, यात धर्माचरणाला कोठेही बाध येत नाही.

कायद्यांची वाण नाही. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी घातली; १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. वेष्टनांचा कचरा परत घेण्याची उत्पादकांची जबाबदारी २०१६ च्या नियमांतच सांगितलेली आहे. तिची अंमलबजावणी काटेकोर हवी. नाल्यांच्या मुखाशी कचरा अडवणे आणि स्वयंसेवकांनी गोळा केलेला ढीग पुढच्या भरतीपूर्वी हलवणे, हे महापालिकेचे कर्तव्य आहे. त्याचा जाब विचारलाच पाहिजे.

परंतु जाब विचारणाऱ्याच्या हाती कापडी पिशवी असावी लागते. लोकमान्य सेवा संघासारख्या संस्था उभारणाऱ्या पार्ल्याला संघटित कार्याचे वावडे कधीच नव्हते. प्रत्येक सोसायटीने ओला व सुका कचरा वेगळा केला, प्रत्येक मंडळाने उत्सवात पथ्य पाळले आणि प्रत्येक शाळेने महिन्यातील एक सकाळ किनाऱ्याला दिली, तर नाल्यावाटे समुद्राकडे जाणारा हा ओघ खचित आटेल. किनाऱ्यावरचा झाडू आवश्यकच आहे. मात्र सागराचे रक्षण घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते, याचे भान सुटता कामा नये.