कवच काढून देणारा वकील आणि आपले ९० दिवस

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण चिंचोळीत ज्याचं छोटं युनिट आहे, त्यानं शेवटपर्यंत वाचावी. सुरुवात अमेरिकेतून आहे, पण येणार आपल्याच गेटवर.

डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष व्हायच्या कितीतरी आधी टीव्हीवर ‘द अप्रेंटिस’ नावाचा शो करायचे. उमेदवारांचे दोन संघ, दर आठवड्याला धंद्याचं एक काम. जो संघ हरला तो ट्रम्पसमोर बसायचा आणि एकाची तिथंच गच्छंती व्हायची. 2004 साली दुसऱ्या सीझनमध्ये ब्रॅडफर्ड कोहेन नावाचा उमेदवार होता. फ्लोरिडातला फौजदारी वकील. आरोपीचा बचाव करणं हाच त्याचा रोजचा धंदा. पहिल्या आठवड्यात तो संघप्रमुख होता आणि त्याचा संघ जिंकला. बक्षीस म्हणून त्याला पुढच्या आठवड्यासाठी सूट मिळाली. म्हणजे संघ हरला तरी त्याला काढता येणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात आइस्क्रीम बनवून विकायचं काम होतं. संघ हरला. या खेपेला प्रमुख दुसरीच होती. कोहेनला काहीही बोलायची गरज नव्हती. पण या गड्यानं सांगितलं की मला सूट नको, मी सगळ्यांबरोबर बसतो. आपल्यावर कोण बोट ठेवणार, हा भरवसा. झालं! आइस्क्रीम कुणामुळे कमी विकलं गेलं ते राहिलं बाजूला आणि चर्चा याच्या त्या एका निर्णयावर आली. इतक्या उतावळेपणानं निर्णय घेणारा माणूस कंपनी बुडवेल, अशा अर्थाचं बोलून ट्रम्पनी त्यालाच घरी पाठवलं.

वकील म्हणून तो कच्चा होता असं अजिबात नाही. 2016 साली ट्रम्पच्या प्रचारप्रमुखावर फौजदारी तक्रार झाली, तेव्हा त्याच्या वकिलांमध्ये हाच कोहेन होता. दुसऱ्याची बाजू त्याला नीट मांडता येत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, तसलाच प्रकार. स्वतःच्या अशिलाला त्यानं ‘गप्प बस, हातातलं सोडू नकोस’ असंच सांगितलं असतं.

कुणी म्हणेल, कर्णानंही कवचकुंडलं काढून दिलीच की. दिली, पण दारात याचक उभा होता म्हणून दिली. इथं तर कुणी मागितलंसुद्धा नव्हतं.

आता आपल्या शार्क टँकचा मालेगावचा जुगाडू कमलेश आठवा. शेतात फवारणी करायची गाडी घेऊन आला होता. 30 लाखांना 10 टक्के देतो म्हणाला आणि शेवटी 40 टक्के दिले. ऐकायला फार वाटतं. पण त्या बदल्यात पीयूष बन्सलकडून 10 लाख भांडवल आणि 20 लाख बिनव्याजी कर्ज ठरवून घेतलं. त्यानंही सोडलं, पण मोबदला घेऊन. वकिलानं फुकट सोडलं.

आता या आपल्या चिंचोळीत. पुणे रोडवरच्या या शेडमध्ये काम करणाऱ्या छोट्या उद्योजकाला कायद्यानं एक कवच दिलंय. 2006 चा एमएसएमई कायदा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचा माल स्वीकारला की लेखी करार असेल तर ठरल्या मुदतीत, आणि काही झालं तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तरीही दिले नाहीत तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. कौन्सिलच्या निर्णयाला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

आणि आपण काय करतो? पीओवर ‘पेमेंट 90 दिवस’ लिहून येतं, आपण मुकाट सही करतो. वर म्हणतो, ‘जाऊ द्या हो, जुनी पार्टी आहे.’ इकडे कामगारांचा पगार थांबत नाही, वीजबिल थांबत नाही, सीसीचं व्याज थांबत नाही. पार्टीचा धंदा आपल्या कर्जावर चालतो आणि मोठेपणा मात्र आपला!

एक फरक नीट समजून घ्या. कोहेननं सूट सोडली ती गेलीच. आपलं तसं नाही. 90 दिवसांवर सही केली तरी कायद्याचे 45 दिवस जात नाहीत, कारण या तरतुदी इतर कराराच्या वर आहेत. कवच कामाला येत नाही ते दोनच कारणांनी: एक तर उद्यम नोंदणी वेळेत केलेली नसते, नाहीतर आपण तोंडच उघडत नाही.

‘मागितलं तर पार्टी तुटेल’ ही भीती खोटी नाही. एकाच गिऱ्हाइकावर शेड चालवणाऱ्याला केस करा म्हणणं सोपं आहे, निस्तरायचं त्यालाच असतं. पण केस ही शेवटची पायरी. त्याआधी बरंच काही करता येतं. नोंदणी फुकट आहे, ती ऑर्डर घ्यायच्या आधी करा. बिलावर उद्यम नंबर छापा. माल मिळाल्याची तारखेसह सही घ्या. 46 व्या दिवशी फोनवर गयावया करण्यापेक्षा दोन ओळींचा मेल टाका.

त्यात आयकराची 43बी(एच) ही तरतूद आठवून द्या. 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली. मुदत उलटून मार्चअखेर थकलेलं बिल खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच धरता येतं. म्हणजे उशिराचा चटका त्यालाही बसतो. म्हणूनच ‘नोंदणी रद्द कर, मग ऑर्डर देतो’ म्हणणारेही निघाले. तुमच्या कवचात काहीच दम नसता तर ते कुणी कशाला मागितलं असतं?

सवलत द्यायचीच नाही असं नाही. धंद्यात द्यावी लागते. पण द्याल तर कमलेशसारखी द्या. कायद्याच्या मुदतीत आगाऊ रक्कम मागा, भाव वाढवून मागा, वर्षभराची ऑर्डर लेखी मागा. नुसतं ‘आमचं काय, बघू नंतर’ म्हणून देऊ नका.

एकट्यानं बोलायची भीती वाटत असेल तर दहा शेडवाल्यांनी मिळून एकच छापील अट बिलावर टाकायला सुरुवात करा. दहांनाही तीच अट दिसली की कुणा एकाचं नाव होत नाही.

तुमच्याकडं सरासरी किती दिवसांनी पेमेंट येतं? पार्टीचं नाव नको, फक्त दिवस लिहा कमेंटमध्ये. बघू तरी, 45 च्या आत किती जण निघतात.