पहिल्या लेण्यातला ‘इराणी वकील’

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, दर्शनी भिंतीच्या आतल्या अंगाला, एक दरबार रंगवलेला आहे. सिंहासनावर राजा, भोवती सेवक-सेविका आणि समोरून येणारे परदेशी पाहुणे. त्यांच्या टोप्या टोकदार, तोंडावर दाढी, अंगात लांब अंगरखे. पुढच्याच्या हातात मोत्यांची माळ आहे. मागच्या दोघांपैकी एकाकडे सुरई, तर दुसऱ्याकडे भरलेले तबक. जेम्स फर्ग्युसन याने १८७९ मध्ये या प्रसंगाला नाव दिले: चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या भेटीस आलेले इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील. हे नाव इतके रुजले की आजही अनेकजण चित्र पाहण्याआधी तेच ऐकतात.

पूर्वपक्ष पोकळ नाही. पुलकेशी आणि खुस्रो समकालीन होते. शिवाय खुस्रोच्या कारकिर्दीच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स. ६२५-२६च्या सुमारास, हिंदुस्थानच्या एका राजाने त्याच्या मुलांना पत्रे व भेटी पाठवल्याचे इतिहासकार तबरी याने लिहिले आहे. तो राजा पुलकेशी, असे मानले गेले. पण तबरीची नोंद नीट वाचली की पंचाईत होते. तिच्यात वकिलात हिंदुस्थानातून इराणकडे जाते. चित्रात मात्र परदेशी इकडे आलेले आहेत. मग ही परतभेट असावी, अशी पुस्ती जोडावी लागते, आणि तिला लेखी आधार नाही.

दुसरा मुद्दा छताचा. त्याच लेण्याच्या छतावर परदेशी वेषातला एक पुरुष स्त्रीच्या सोबतीने मद्यपान करताना दिसतो. फर्ग्युसनने त्यातही खुस्रो आणि त्याची राणी शिरीन पाहिली. ते दृश्य मात्र छतावर थोड्या फरकाने पुन्हा पुन्हा येते, फुले, फळे, हंस आणि हत्ती यांच्या नक्षीत गुंफलेले. मित्रराष्ट्राच्या सम्राटाचे व्यक्तिचित्र कोणी असे नक्षीसारखे वापरत नाही. ते मौजेखातर काढलेले ‘परदेशी’ आहेत, बस्स.

सर्वांत मोठा दोष कालनिर्णयाचा. दरबारात पुलकेशी आहे म्हणून चित्र सातव्या शतकातले, आणि चित्र सातव्या शतकातले म्हणून दरबार पुलकेशीचा, असे हे चक्र बराच काळ फिरत राहिले. वॉल्टर स्पिंक यांनी पहिले लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ठेवले. त्यांची वर्षावर्षांची काटेकोर मांडणी सर्वांना पटत नाही. पण वरचे दोन आक्षेप तिच्यावर अवलंबूनही नाहीत.

मग चित्र आहे तरी कशाचे? याचे उत्तर शोधायला चालुक्यांच्या राजधानीला, बादामीला, जाण्याआधी लेण्यातच चारही भिंतींवर नजर टाकावी. शिबी, महाजनक, शंखपाल, चांपेय अशा बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा, म्हणजे जातककथा, तिथे रंगवल्या आहेत. राजवाडे, राण्या, दरबार या कथांत जागोजागी येतात. अशा भिंतींवर एकच चौकट समकालीन राजकारणाची असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. डिटर श्लिंगलॉफ यांनी हा प्रसंग महासुदर्शनाच्या कथेतला म्हणून ओळखला. कुशावतीचा हा चक्रवर्ती म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्धच. त्याचे मांडलिक राजे धनरत्ने घेऊन येतात आणि त्याला नजर करतात. मोत्यांची माळ, सुरई आणि तबक इथे चपखल बसतात. पुलकेशीच्या दरबारातही या वस्तू बसल्या असत्या, हे खरे. पण भोवतालच्या भिंती त्या दरबाराच्या बाजूने साक्ष देत नाहीत.

‘जातककथेत इराणी कसे?’ हा आक्षेप उरतो. अजिंठ्याचे चित्रकार पुराणकाळच्या राजांनाही आपल्या काळचेच दागिने आणि मुकुट घालत. चक्रवर्तीची सत्ता दूरवर पोचली हे दाखवायचे, तर दूरदेशीची माणसे हवीत, आणि ती चित्रकाराने पाहिली किंवा ऐकली असतील तशीच उतरणार. त्यामुळे या चित्रातला इतिहास घटनेचा नसून पोशाखाचा आहे: टोपीचा घाट, अंगरख्याची काठपट्टी, दाढीची ठेवण. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून दख्खनमध्ये चालणाऱ्या व्यापाराच्या अभ्यासकाला हा ऐवज एका वकिलातीपेक्षा अधिक उपयोगी आहे. सतराव्या लेण्यात बुद्धासमोर जमलेल्या भक्तांतही असेच टोपीवाले परदेशी आहेत. त्यांच्यासाठी कोणी खलिता शोधत बसलेले नाही.