तोडण्याआधी एकदा लावून बघा

माझी धाकटी बहीण बी.एस्सी. कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष तिनं मोबाईलवर काढलं. सी आणि पायथनचे प्रोग्राम ती साडेसहा इंची काचेवर अंगठ्यानं लिहायची. कॉलेजच्या लॅबमध्ये मिळतील तेवढे तास आणि नेट कॅफेत मगरिबच्या आधीचा एक तास, बस्स. अंधार पडला की अम्मीचा फोन सुरू. त्याच वर्षी मी १८ हजारांचा मोबाईल हप्त्यावर घेतला, घरात कुणी का म्हणून विचारलं नाही. तिच्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की मात्र "पुढच्या वर्षी बघू". मीही तेच म्हणत होतो, हे आधीच कबूल करतो.

मलकापुरात आमच्या मामूंचं भंगाराचं दुकान आहे. मागच्या पावसाळ्यात तिथे कुठल्याशा ऑफिसचे जुने कॉम्प्युटर आले. अशा मालाचं पुढे काय होतं ते मी लहानपणापासून बघतोय. पत्रा वेगळा, बोर्ड वेगळे, वायरी तांब्यासाठी वेगळ्या. काही ठिकाणी त्या वायरी जाळतात आणि तो धूर जाळणाऱ्या पोराच्याच छातीत जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे हे काम नोंदणी असलेल्यांनीच करायचं आहे. आपल्या गल्लीबोळांत ते कसं चालतं, तुम्हाला ठाऊक आहे. मी एक मशीन आणि मॉनिटर मागितला. मामू म्हणाले, "ले जा, वैसे भी हथोडीच पडनेवाली थी इसपे."

आत इंटेलचा आय-५ ३४७० निघाला, २०१२ सालचा. बोर्ड एच-६१, डीडीआर-३ची ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. एवढ्या जुन्या मशीनमध्ये काय राखायचं आणि काय टाकायचं, सगळी अक्कल तिथेच लागते. प्रोसेसर सहसा मरत नाही. रॅम चालली तर वर्षानुवर्षं चालते. दुसरी घेताना ती डेस्कटॉपचीच घ्या, लॅपटॉपची पट्टी आखूड असते, बसत नाही. कॅबिनेट, मॉनिटर, माऊस चालतात तोवर चालवा. फिरती हार्ड डिस्क मात्र बदलायची आणि तिच्या जागी एसएसडी लावायची. एच-६१ बोर्डावर एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी जुन्या डिस्कच्या मानानं फरक एवढा पडतो की मशीन तेच आहे यावर विश्वास बसत नाही.

आणि एसएमपीएस. इथे मी कंजुषी केली. आतला चालतोय तर नवीन कशाला, म्हणून तोच ठेवला. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी येते-जाते ते सांगायला नको. चौथ्या दिवशी वीज आली ती झटक्यासकट. जळका वास आला आणि एसएमपीएसबरोबर बोर्डही गेला. बहीण काही बोलली नाही, पण तिचा चेहरा बघून मला त्या १८ हजारांच्या मोबाईलची लाज वाटली. अकोल्याला जाऊन जुना बोर्ड शोधला, १,५०० रुपये. सोबत नवीन एसएमपीएस २,२००, २५६ जीबी एसएसडी १,६००, आणखी ४ जीबी रॅम ४५०, वायफायचं डोंगल ३५०, थर्मल पेस्ट १००, बोर्डावरचा बटण सेल ३०. एकूण ६,२३०. आधीच शहाणपण केलं असतं तर ४,७३० मध्ये काम झालं असतं. ब्रँडेड ऑफिस मशीन हाती आलं तर आणखी एक बघा: त्यांच्या एसएमपीएसचा प्लग बऱ्याचदा वेगळा असतो, बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही.

काढलेली हार्ड डिस्क मी उत्सुकतेनं लावून बघितली. आत लोकांच्या आधार कार्डांच्या, बँक पासबुकांच्या स्कॅन कॉपी होत्या. भंगारात आली म्हणून ती आपली होत नाही. दुसऱ्याचे कागद आपल्याकडे अमानत असतात. डिस्क पुन्हा वापरायची नव्हती, म्हणून ड्रिल मारून मोडली. मामूंच्या पोरांनाही तेच सांगितलं.

मशीनवर लिनक्स मिंट टाकलं. फुकट आहे, कायदेशीर आहे आणि ८ जीबी रॅमवर आरामात चालतं. कोडिंग, लिब्रे ऑफिस, यूट्यूबवरची लेक्चर्स, मराठी आणि उर्दू टायपिंग, सगळं होतं. टॅली शिकायचं असेल तर विंडोज लागेल. व्हिडिओ एडिटिंग आणि नवे गेम विसरा.

माझ्या एका मित्रानं टोमणा मारला, "स्वतःला नवा मोबाईल, बहिणीला भंगार." टोमणा खरा आहे, मी तो नाकारत नाही. नवीन घेऊन देण्याची ऐपत असेल त्यांनी जरूर द्यावा. पण नव्याची वाट बघण्यात आपल्या मुलींची वर्षं जातात, हा माझा मुद्दा आहे. आपण ऐपत नाही म्हणतो आणि त्याच घरात मुलाच्या मोबाईलचा हप्ता जातो. तिच्यासाठी बहुतेक वेळा पैसा कमी पडत नाही, निकड कमी पडते.

सध्या तर माल चांगला येतोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून ऑफिसं सहाव्या-सातव्या पिढीची, डीडीआर-४ रॅमची धडधाकट मशीनं काढून टाकतायत. माझ्या तिसऱ्या पिढीच्या मशीनपेक्षा ती कितीतरी सरस. त्यात २०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव भडकलेत, त्यामुळे आतली रॅमसुद्धा मोलाची आहे. तुमचे चाचा, मामू, शेजारी भंगारात असतील तर त्यांना एवढंच सांगा, की हातोडी पडण्याआधी एक फोन करा.

मामूंनी आता तीन कॅबिनेट बाजूला ठेवलेत. दोन चालू आहेत, एकात बोर्ड नाही. परवा बहिणीनं स्वतः एकाचा पंखा काढून साफ केला, नवी पेस्ट लावली. तिच्या वर्गातल्या एका मुलीसाठी. तिसऱ्याचा बोर्ड शोधायला ती या रविवारी माझ्यासोबत अकोल्याला येणार आहे, अम्मीला विचारून झालंय.