यंत्रापुढची इंग्रजी

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि लालबाग-परळचे भोंगे हळूहळू कायमचे मुके झाले. त्या जमिनींवर आज काचेचे मनोरे आहेत. गिरणी कामगाराच्या नातवाला तेथे नोकरी हवी असेल, तर त्याचे इंग्रजी अनेकदा प्रथम यंत्रच ऐकते. ‘व्हर्सन्ट’सारख्या चाचणीत ऐकलेले वाक्य तसेच म्हणायचे, विस्कटलेले शब्द जुळवायचे, ऐकलेली गोष्ट पुन्हा सांगायची. गुण मिळतात ते उच्चार, ओघ, वाक्यरचना आणि शब्दसंग्रह यांना.

मराठी माध्यमाचा मुलगा अडतो तो बुद्धीत नव्हे, विरामात. तो मनात भाषांतर करतो आणि यंत्र ती शांतता मोजते. पाढे घटवले तसे ऐकलेले वाक्य तत्क्षणी मोठ्याने म्हणण्याचा रोजचा सराव हवा. आपला ‘व’ एक, इंग्रजीचे दोन. हेही ओठांना शिकवावे लागते.

परंतु चाळीच्या एका खोलीत, दूरदर्शन संच चालू असताना, हे साधायचे कसे? गोंगाट यंत्राला माणसाइतका उमगत नाही. गिरगावात केशवजी नाईक चाळीने १८९३ पासून उत्सवासाठी माणसे एकत्र आणली. मंडळांनी आपल्या कार्यालयातील एक शांत खोली संध्याकाळी दोन तास या मुलांसाठी उघडावी. वर्गणी आम्ही देऊच.