पाय मुरगळलाय समजून नऊ दिवस चाललो

बरेच दिवस पिकाचं काही लिहिलं नाही, कारण शेतात पायच ठेवता येत नव्हता. आजची नोंद त्या पायाचीच आहे आणि जरा रागाची आहे. राग स्वतःवर, आणि आपल्याकडं सगळेच म्हणतात त्या एका वाक्यावर: "चालता येतंय ना? मग हाड मोडलेलं नाही."

जानेवारीत गव्हाला पाणी चालू होतं. रात्रीची लाईट. ओल्या बांधावरून उतरताना उजवा पाय आत वळला आणि कट्‌कन आवाज आला. थोडा वेळ खाली बसलो, मग लंगडत लंगडत पाणी पूर्ण दिलं. (लाईट परत कधी येईल याचा भरवसा नसतो, हे तुम्हाला सांगायला नको.) सकाळी घोटा टम्म. आंबेहळद लावली, एरंडाचं पान बांधलं, तिसऱ्या दिवशी गावातल्या जाणत्या माणसाकडून चोळून घेतला. नवव्या दिवशी बायकोनं जबरदस्तीनं तालुक्याला नेलं. एक्स-रेमध्ये बाहेरच्या घोट्याचं हाड मोडून सरकलेलं. प्लेट टाकावी लागली. पहिल्याच दिवशी आला असता तर कदाचित प्लास्टरवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

मोडलेल्या हाडावर मी चाललो कसा? गुडघ्याखाली दोन हाडं असतात. नडगीचं जाड हाड बहुतेक सगळं वजन घेतं, बाहेरचं बारीक हाड थोडंच. ते बारीक मोडलं तरी माणूस लंगडत चालतो. बोटं हलतात हीपण खूण नव्हे. बोटं हलवणारे स्नायू बरेचसे पोटरीत असतात, घोट्याचं हाड मोडलं तरी ते आपलं काम करतात.

मग ओळखायचं कसं? कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली यासाठी सोपे नियम मांडले, आज जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या टेकाडांची मागची कड टोकापासून वर साधारण 6 सेंटिमीटरपर्यंत बोटानं दाबायची. मांस नाही, हाड दाबायचं. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मध्यावर जो उंचवटा लागतो तो. आणि आतल्या कडेला, घोट्याच्या पुढं कमानीच्या वरचं हाड. यातल्या एका जागी जरी हाडावर दाबून कळ आली, किंवा पडल्या पडल्या आणि नंतरही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचाच. लंगडत टाकलेली पावलंही धरायची. म्हणजे चालण्याच्या परीक्षेत मी पास होतो, पण बाहेरच्या घोट्याचं हाड त्या रात्री कुणी दाबलं असतं तर मी किंचाळलो असतो.

शुगरमुळं पाय बधिर झालेल्या माणसाला हे नियम लावू नका, त्याला दुखणं कळतच नाही. झाडावरून, माळ्यावरून टाचेवर पडलेल्याची टाच आणि कंबरेचा मणका दोन्ही तपासून घ्या. पाय वाकडा दिसत असेल, बोटं गार किंवा निळी पडली असतील, जखमेतून हाड दिसत असेल, तर दाबत बसू नका, सरळ दवाखाना. जाताना पाय उशीत नाहीतर जाड पुठ्ठ्यात बांधून न्या. बायकांची जोडवी आणि पैंजण सूज चढायच्या आधी काढा. आणि चोळू नका हो. कलम बांधल्यावर जुळलं का म्हणून आपण रोज हलवून बघतो का?

प्लेट टाकल्यावर सहा आठवडे पाय टेकायचा नाही, असं मला सांगितलं होतं. हाड जुळायला साधारण तेवढे दिवस लागतात, पण माणूस कामाला लागायला तीन-चार महिने सहज जातात. संध्याकाळी सूज अजून येते. सगळ्यात उशिरा येतं ते उकिडवं बसणं. खुरपायला बसलो की टाच उचलली जाते. सांगितलेले व्यायाम पहिल्या महिन्यात टाळले, त्याची ही फळं. तंबाखू मात्र सोडली, तिच्यानं हाड जुळायला उशीर होतो. पोटरी अचानक सुजून दुखली किंवा धाप लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, रक्ताची गुठळी असू शकते.

आता खरा मुद्दा. मी चाललो कारण थांबणं परवडत नव्हतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला आणि हातपाय, डोळे कायमचे गेले तर मदत आहे. मोडून जुळलेल्या हाडाला काही नाही. माझ्याकडं निदान सातबारा आहे. माझ्या शेतात खुरपायला येणाऱ्या बाईचा पाय असा वळला तर तीही चालतच राहणार, कारण बसली की हजेरी बुडाली. म्हणून आम्ही घरात ठरवलंय: आपल्या रानात कुणाचा पाय वळला तर एक्स-रेचा खर्च आपला, त्याच दिवशी, गाडी काढून. बसून राहिलेल्या दिवसांची मजुरी किती द्यायची, यावर माझा आणि भावाचा वाद अजून चालू आहे. तो म्हणतो अर्धी. मी म्हणतो पहिले पंधरा दिवस पूर्ण. तुमच्याकडं काय पद्धत आहे ते लिहा.